अठरा फासळ्यांचा रेडिएटर

हमदान, दय महिन्याची १२

बमानअली भाऊजी,

सलाम. हे पत्र यदुल्लाह ड्रायव्हरच्या हाती देते आहे. बस उद्या दुपारी बुशहरला पोचेल, तुमच्या लेकीने, मोनीरने, स्थानकावर जाऊन घ्यावं असा तिला निरोप दिला आहे. तुम्हाला फोनवर बोलावण्यात अर्थ नाही. कान गेल्यापासून तुम्ही सगळ्याला "बरं बरं" म्हणता आणि भलतंच समजून बसता. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. माझं अक्षर तरी तुम्हाला आवडतं.

कामाचं सांगते. मागच्या खोलीतला रेडिएटर वरून गार पडला होता, तळघरातल्या बॉयलरचं गरम पाणी त्याच्या वरच्या टोकापर्यंत पोचेना. तुमचे भाऊ दर हिवाळ्यात छोटी चावी घेऊन त्यातली हवा सोडायचे. ते जाऊन चार वर्षं झाली, त्यानंतर त्याला कोणी हात लावला नाही. परवा मी ती चावी शोधून हवेच्या तोटीत घातली. फिरेना. जोर लावला, तर तोटीचं डोकं मोडून चावीसकट माझ्या हातात आलं आणि मागे राहिलेल्या भोकातून काळंकुट्ट पाणी ठिबकायला लागलं. खाली पातेलं ठेवलं आहे, भरलं की ओतते.

गावातला एक कारागीर आणला होता. तो म्हणाला, "बाई, हे धूड कापून टाका. नवं बसवू. पण सगळ्या घरातलं पाणी सोडावं लागेल, ते आता वसंतात, नवरोजनंतरच." एवढं सांगून दोन पेले चहा प्यायला आणि गेला.

मला ते दोन आठवड्यांत व्हायला हवं आहे. पाहुणे यायचे आहेत आणि त्यांना त्याच खोलीत ठेवायचं आहे. तुम्ही त्रास घ्यावा असं काही नाही. सहज सुचलं तर चार ओळी लिहा. छातीला जपा.

तुमची वहिनी,
फख्री

*

बुशहर, दय १५

वहिनी, सलाम.

तुमचं अक्षर पाहून बरं वाटलं आणि मजकूर वाचून हसू आलं. चाळीस वर्षं शाळेतल्या मुलींना बोरू हलक्या हाताने धरायला शिकवलंत, आणि पितळेच्या तोटीचं असं मुंडकं उडवलंत? पण चूक एकट्या तुमची नाही. हमदानच्या तमाम बायकांची आहे. नवरोज जवळ आला की घर झाडायचं, गालिचे धुवायचे, आणि रंगाचा डबा हातात आहेच तर रेडिएटरही रंगवायचा, तोही तोटीसकट. दर वर्षी एक थर. तीस थरांखाली ती बिचारी फिरणार कशी? माझ्या धंद्यातली निम्मी कामं या नवरोजच्या रंगाने मला मिळवून दिली, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू.

आधी ठिबकणं थांबवा. रेडिएटरला दोन व्हॉल्व्ह आहेत. वरचा हाताने बंद होतो. खालच्यावर टोपी आहे, ती काढा आणि पान्याने उजवीकडे फिरवा. किती वेढे फिरला ते मोजून ठेवा, विसरू नका.

राहता राहिले पाहुणे. त्यांना पुढच्या खोलीत झोपवा. कोण आहेत एवढे नाजूक? तेहरानची तुमची आत्तेबहीण असणार, तिला चहासुद्धा तीनदा गरम करून लागतो. तिला दोन गोधड्या जास्त द्या. तोटीचं वसंतात बघू, मीच येईन. एवढ्याशा कामासाठी भर थंडीत कशाला हातपाय मारता?

मी इथे अंगणात नुसत्या सदऱ्यावर बसून लिहितो आहे. आयुष्यभर लोकांची घरं तापवली, आणि म्हातारपणी लेकीकडे अशा गावात येऊन पडलो की जावई विचारतो, "बाबा, रेडिएटर म्हणजे नक्की काय असतं?"

तुमच्या पायाची धूळ,
बमानअली

*

हमदान, दय १७

भाऊजी,

ठिबकणं थांबलं. खालचा व्हॉल्व्ह साडेतीन वेढे फिरला. भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.

तुमचं पत्र वाचून आधी तुमचा राग आला, मग माझाच. मीच आडून आडून लिहिलं तर तुम्हाला कळणार कसं? आपल्या माणसांना खोटा आग्रह करायची हौस भारी, आणि खरी गरज सांगायची वेळ आली की जीभ अडते. आता सरळ लिहिते.

पाहुणी एक किलो सहाशे ग्रॅमची आहे.

आपल्या माहरुखला या महिन्याच्या एक तारखेला मुलगी झाली. सातव्या महिन्यात. इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवली आहे. पेट्या चार आहेत आणि तशी मुलं सात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सत्तावीस तारखेपर्यंत ठेवते, मग घरी न्या. पण खोली अठ्ठावीस अंशांवर हवी, दिवसरात्र, सारखी. गार पडली तर मूल दूध ओढायचं सोडून देईल, आणि मग मी काही करू शकणार नाही." रॉकेलची शेगडी चालणार नाही, तिच्या छातीला धूर सोसायचा नाही. माहरुखच्या सासरी दोन भाड्याच्या खोल्या, आणि पहिलं बाळंतपण तर आईच्याच घरी. आपल्या पुढच्या खोल्या उंच छताच्या, त्या विसाच्या वर चढत नाहीत. उरली मागची, तीन बाय चार मीटरची, आणि तिच्यात तुमचा तो अठरा उभ्या फासळ्यांचा रेडिएटर. तुमचे भाऊ त्याला जन्मभर हसले. "दहा फासळ्या पुरल्या असत्या. बमानला तिथे भाकरी भाजायची होती की काय?"

तुम्हाला सांगितलं नाही, कारण शेजारच्या तुबा खानमने दृष्ट लागेल म्हणून माझ्याकडून शपथ घेतली होती. आणि दुसरं म्हणजे, कळताच तुम्ही पहिल्या बसने निघाला असता. घाटात रस्त्याकडेला कंबरभर बर्फ आहे आणि तुमची छाती ही अशी. एक जीव काचेत आहे तेवढा पुरे.

मी तिला काचेतून पाहिलं. तिला नखं आहेत, भाऊजी. दहाच्या दहा, नीट आकाराची, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. मी बारीक अक्षर लिहिण्यात जन्म घालवला, पण एवढं बारीक काम मला कधी साधलं नाही. माझ्याच्याने तिथून हलवेना. शेवटी नर्सने खुर्ची आणून दिली.

काय करायचं ते लिहा. मी करीन.

फख्री

*

बुशहर, दय १९

वहिनी,

बस सुटायला दोन तास आहेत, म्हणून ख्यालीखुशाली नंतर.

पुडक्यात एक नवी पितळी तोटी आहे, तागाचे धागे आहेत आणि एक चौकोनी निमुळत्या टोकाची सळई आहे. ती मी जुनी कानस घासून केली होती. तिने मी किती तुटक्या तोट्या काढल्या त्याची मोजदाद नाही. मी येत नाही. मोनीरने माझे बूट लपवून ठेवले आहेत, आणि तिचं बरोबर आहे. तेव्हा हात तुमचेच. उंटावरून शेळ्या हाकतो आहे म्हणा, पण ऐका.

रेडिएटर पूर्ण गार झालेला असू द्या. तोटीच्या बुडाभोवतीचा रंग काढा, सगळा, पितळ दिसेपर्यंत. माणसं चुकतात ती इथेच, घाई करून. तुमची बोरू तासायची सुरी घ्या. मग मोडक्या भोकात सळईचं टोक ठेवून हातोडीने तीन-चार हलके ठोके द्या, ते आत रुतेल. सळईला पाना लावा आणि डावीकडे फिरवा. हिसका द्यायचा नाही. जोर हळूहळू वाढवायचा आणि धरून ठेवायचा. करकरली तर चांगलं, रंग सोडतो आहे. पण हलव्यात चमचा फिरवल्यासारखं मऊ लागलं तर तिथेच थांबा, कारण पितळ पिळलं जातं आहे. वरून किटलीभर कढत पाणी ओता आणि पुन्हा सुरुवात करा. सुटली की पेलाभर पाणी येईल, त्याला घाबरायचं नाही.

नव्या तोटीच्या आट्यांवर ताग गुंडाळा, उजव्या अंगाने. हाताने बसेल तेवढी बसवा आणि शेवटचा पाव वेढा पान्याने. मग खालचा व्हॉल्व्ह तुमचे साडेतीन वेढे उघडा, त्यानंतर वरचा, आणि चावीने हवा सोडा. पाणी येईपर्यंत सोडत राहा. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे ना, ते आधी बघून घ्या.

एक मागणं आहे. हवा सुटतानाचा आवाज मी अकरा वर्षांत ऐकलेला नाही. तळहाताला कळतं, पण ते कळणं वेगळं. तो कसा येतो ते मला लिहा.

बमानअली

*

हमदान, दय २२

भाऊजी,

झालं. तेवढं आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही सावकाश वाचाल.

तुबा खानमने खाली परात धरली आणि मी गुडघे टेकून रंग तासायला बसले. वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. दीड तास लागला. थर तीस नाहीत, अकरा निघाले. दर वर्षी रंगवते असं मी सगळ्यांना सांगत आले, पण बऱ्याच वर्षी नुसता फडका मारला होता हे आता उघडं पडलं. सगळ्यात वरचा दुधी. त्याखाली पिस्त्याचा हिरवा, तुमचे भाऊ गेले त्या वर्षीचा. त्या नवरोजला घरात कोणी येणार नव्हतं, तरी मी रंगवला होता, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. त्याखाली निळा, लढाईतला, तेव्हा दुकानात दुसरा रंगच मिळायचा नाही. मग गुलाबी, माहरुखने हट्टाने निवडलेला, ती तेव्हा सहा वर्षांची होती. आणखी खाली करडे, पांढरे, आणि अगदी तळाशी तुमचा चंदेरी. सुरीच्या टोकावर एक कपची निघाली ती मी खिडकीशी उजेडात धरली. कडेला सगळ्या रेघा दिसत होत्या, एकेक केसाएवढी. माझा सगळा संसार त्या जाडीत होता. मी ते बघत किती वेळ बसले कोण जाणे. तुबा खानमने विचारलं, "बाई, तासते आहेस की रडते आहेस?" मी म्हटलं, दोन्ही चाललंय, तू परात सरळ धर.

सळई पहिल्यांदा फिरवली तर अगदी हलवा. थांबले, किटली ओतली, पुन्हा जोर लावला. पुन्हा मऊ. दुसरी किटली. तिसऱ्या वेळी ती अशी करकरली की तुबा खानमने कानांवर हात ठेवले आणि परात पडली. मला मात्र तो आवाज गोड लागला. तोटी बाहेर आली तेव्हा आतले आटे नव्यासारखे पिवळेधमक होते. बाहेरून एवढं सोसलं आणि आत काही लागलं नव्हतं.

आता तुमचा आवाज. चावी फिरवली तेव्हा आधी काहीच नाही. मग दात मिटून "स" म्हणावं तसा, अगदी बारीक. तो वाढत गेला आणि एकसारखा येत राहिला. मध्येच अडखळायचा, दोन थेंब थुंकायचा, पुन्हा सुरू. वास गंजक्या लोखंडाचा. मी घड्याळ बघितलं, सव्वातीन मिनिटं चालला. तुमच्या भावांनी शेवटची चावी फिरवली त्यानंतर जमत गेलेली हवा ती. चार वर्षं या खोलीत माझ्याजवळ होती आणि मला पत्ता नव्हता. शेवटी आवाज खाकरल्यासारखा जाड झाला आणि पाणी आलं. मी चावी बंद केली. मग आतून पाणी चालू लागल्याचं ऐकू आलं, शेजारच्या खोलीत कोणी अनवाणी हिंडतंय असं.

मी हात ठेवला. पहिली फासळी कोमट, दुसरी गार. थोड्या वेळाने दुसरी कोमट. मी हात सरकवत गेले, ऊब माझ्या पुढे एक फासळी चालत होती. अठराव्या फासळीला पोचलो तेव्हा तुबा खानमनेही माझ्या शेजारी आपला हात टेकला होता. तळघरात आग, गच्चीवर पाणी, आणि दोघांची गाठ इथे माझ्या हाताखाली. तीस वर्षं या भिंतींतून हे चाललं होतं आणि मी त्यावर मोजे वाळत घालत होते.

एवढं करूनही खोली चोविसावर अडली आहे. कालपासून एक अंश वर सरकत नाही. मी खिडकीला दुहेरी पडदा लावला, जाड लोकरीचा, थेट जमिनीपर्यंत, म्हणजे फटीतला वारा यायला नको. बॉयलर पूर्ण चालू आहे. आणखी काय करू? पाच दिवस राहिले.

फख्री

*

बुशहर, दय २४

वहिनी,

घोडं कुठे पेंड खातं आहे ते तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे. रेडिएटर खिडकीखाली आहे. जमिनीपर्यंत पडदा सोडलात म्हणजे तो पडद्याच्या मागे गेला. तुम्ही चार दिवस पडदा आणि काच यांच्यामधली जागा तापवता आहात. पडदा वर खोचा, तो रेडिएटरच्या वरच संपला पाहिजे. मोजे-टॉवेल काही वाळत घालू नका. दोन तासांत अठ्ठावीस होईल. मला खात्री आहे, कारण तो रेडिएटर त्यासाठीच तिथे आहे.

आवाजाचा मजकूर मी चार वेळा वाचला. मोनीरलाही वाचून दाखवला. दात मिटून "स". बरोबर, तसाच असायचा.

आता अठराचं सांगतो. भाऊ हसायचा, मी हसू दिलं. खरं कोणाला सांगितलं नाही.

मीही सातमाशा आहे, वहिनी. त्याच खोलीत झालो. भाऊ धडधाकट जन्मला होता, पण त्याच्यानंतरची दोन मुलं आईने पुरली होती. त्यांच्यानंतर मी, आणि सुईण म्हणाली, याला दूध पाजायची तसदी घेऊ नका. आईने ऐकलं नाही. तिने मला कापसात गुंडाळून पिठाच्या परातीत ठेवलं आणि ती परात गोधडी घातलेल्या चौरंगाखाली, निखाऱ्यांच्या शेगडीशेजारी. चाळीस दिवस. धुराने गुदमरलो नाही हेच नवल. थर्मामीटर कसला आला आहे? आई आणि आजी आळीपाळीने गोधडीखाली हात घालून बसायच्या. मनगटाला जास्त तापलेलं वाटलं की परात लांब सरकवायची, गार वाटलं की जवळ. चाळीस दिवसांत एक घटकासुद्धा अशी गेली नाही की दोघींपैकी एकीचा हात आत नव्हता. आईच्या उजव्या मनगटावर पोळल्याचा डाग होता, तुम्ही पाहिला आहे. तो माझा.

मी पुढे भट्ट्या बघितल्या, कारखाने तापवले, शंभर खोल्यांच्या इमारतींत ऊब खेळवली. त्या दोन हातांएवढं अचूक काम मला कुठे दिसलं नाही.

या घरात पाइप टाकले तेव्हा त्या खोलीला हिशेबाने दहा फासळ्या लागत होत्या. मी अठरा बसवल्या. मनात होतं, या खोलीत पुन्हा माझ्यासारखं कोणी आलं तर कमी पडायला नको. बॉयलर पहिल्यांदा पेटवला त्या दिवशी आई तिथे आली. रेडिएटरवर मनगट ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आता कोणाला हात आत धरून बसायला नको." तिला कळलं होतं. तीस वर्षं तो रिकाम्या खोलीत उभा होता, त्याचं खरं काम आता आलं आहे.

माझं नाव त्या चाळीस दिवसांचं आहे. "बमान", म्हणजे "राहा", अशी विनवणी करून मूल ठेवून घ्यायचं, म्हणून मुलगा झाला तर बमानअली आणि मुलगी झाली तर बमानी. माहरुखला सांगा, मुलीचं नाव बमानी ठेव. जुनाट आहे, शहरातल्या मुली नाक मुरडतील. पण लागू पडतं. मला सहासष्ट वर्षं पडलं आहे.

बमानअली

*

हमदान, बहमन महिन्याची ११

भाऊजी,

जवळजवळ तीन आठवडे पत्र नाही म्हणून तुम्ही मोनीरला किती छळलं असेल ते मला दिसतं आहे. तिच्याकडे फोनवर निरोप देत होते, पण नीट लिहायला आज हात मोकळा झाला, तोवर दय संपून बहमन लागला.

पडदा खोचला. दोन तास दहा मिनिटांनी थर्मामीटर अठ्ठावीसवर आला आणि तेव्हापासून हललेला नाही. सत्तावीसला बाळ घरी आलं. डॉक्टरीणबाई खोली बघायला स्वतः आल्या होत्या. कोट काढला, थर्मामीटर बघितला, मग रेडिएटरच्या फासळ्या मोजल्या आणि म्हणाल्या, "एवढ्याशा खोलीला हे कोणी ठरवलं?" मी म्हटलं, या खोलीतल्या आधीच्या पेशंटने. त्यांना काही कळलं नाही. मी चहा दिला आणि सगळं सांगितलं. चहा तसाच गार झाला. जाताना त्यांनी तुमचं गाव विचारून घेतलं.

तुबा खानम पहिल्याच दिवशी धुपाटणं घेऊन दृष्ट काढायला आली होती. धूर चालत नाही म्हटल्यावर तिने न पेटवताच तीनदा ओवाळलं.

कालच्या वजनाला दोन किलो दीडशे. दूध ओढते, आणि ओढताना कपाळाला आठी घालते, कोणीतरी उशीर केल्यासारखी. माहरुख म्हणते खोलीत उकडतं. बाहेर उणे अठरा आहे, गल्लीत नळ फुटले आहेत, आणि माझी लेक डोक्याच्या रुमालाने वारा घेते आहे. तुम्ही लिहिलंत, सासूबाई म्हणाल्या होत्या की आता हात धरून बसायला नको. खरं आहे. तरी मी पाळण्यात हात घालून बसते. गरज नाही म्हणून बसावंसं वाटत नाही असं थोडंच आहे. तिची पाठ माझ्या तळहातापेक्षा लहान आहे, आणि तिच्यात श्वास येतो जातो ते मला कळतं.

तुमचं पत्र मी माहरुखला वाचून दाखवलं. परातीपाशी तिने मला थांबवलं आणि तो भाग स्वतः वाचला. नावाचं सांगितल्यावर तिने बाळाची दुलई सारखी केली. मग म्हणाली, "काकांना लिही, आजीने विनवलं म्हणून ते राहिले. त्यांनी इतकी वर्षं आधीच जागा करून ठेवली होती, म्हणून हिला कोणी विनवायला नको. ही राहायलाच आली आहे."

तेव्हा नाव नुशीन ठरलं आहे. ते बाळाच्या कानात घरातल्या वडील पुरुषाने सांगायचं, आणि घरात वडील आता तुम्हीच. माहरुखने सगळ्यांना बजावलं आहे, तोवर तिला त्या नावाने कोणी हाक मारायची नाही. घाटातला बर्फ ओसरला की या.

फख्री